तुझ्या वेली, माझ्या वेली

मीलो, ९ फेब्रुवारी

चिरिनो,

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर बंद करून टाकलास हे मला पिप्पीना आत्याकडून कळलं. तिला ते तूच सांगितलंस, म्हणजे ते माझ्यापर्यंत पोचावं अशी सोयही केलीस. ठीक आहे. पोस्टमन काही तुला बंद करता येत नाही. हे पत्र फेकायचंच असेल तर निदान पहिलं पान वाचून फेक, त्यात द्राक्षांबद्दल आहे. माझ्याबद्दल जे काही आहे ते दुसऱ्या पानावर, ते खुशाल चुलीत घाल.

छाटणी झाली. माझ्या वेलींची. ‘माझ्या वेलींना कोणी हात लावायचा नाही’ असा निरोप तू आत्याजवळ ठेवला होतास. तो तिने मला चर्चच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावादेखत, तिच्या त्या ठार बहिऱ्या माणसाच्या आवाजात दिला. तेव्हा मी नाही लावला हात. आता आपला मळा कसा दिसतो सांगू? अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याच्या खुर्चीतून पळालेल्या माणसासारखा. एक वेल नीट कापलेली, शेजारच्या दोन जटा वाढवून उभ्या, मग पुन्हा एक नीट. फिलादेल्फोकाका वरच्या टप्प्याचा ढासळलेला बांध रचायला आले होते. काळे दगड तसेच टाकून बघत राहिले.

“वेनेरा, ही कुठली नवी पद्धत?”

“वाटणीची.”

“कोणी केली वाटणी?”

“तुमच्याच मित्राने, आमच्या बाबांनी.”

काकांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, “यानो आधीच मेला ते बरं झालं. हे बघून मेला असता.”

तू आत्याला सांगतोस की बाबांनी मळा अर्धा अर्धा वाटून दिला. असं कुठे झालं, चिरिनो? अर्धा अर्धा दिला असता तर मी वरचे टप्पे तुला दिले असते, खालचे स्वतः घेतले असते, मध्ये भिंत घातली असती आणि सुखाने झोपले असते. बाबांनी जमीन वाटलीच नाही, वेली वाटल्या. जेवणाच्या टेबलावर, तोंडात सॉसेज असताना. “कार्रीकान्तेच्या वेली चिरिनोच्या. कातार्रात्तो आणि मिन्नेल्ला वेनेराच्या.” आपण दोघंही हसलो होतो. हसण्यासारखंच होतं ते. पणजोबांनी हाताला आली ती काडी लावत नेली, एका ओळीत तुझी, माझी, तुझी, तुझी, माझी. असा मळा जातवार कोण वाटतो? बाबा हसले नाहीत. आपल्याकडून हो वदवून घेतलं, आणि नोव्हेंबरात सान मार्तीनोच्या सणाला नवी पिंपं उघडायच्या आतच निघून गेले.

बाबांच्या मनात काय होतं ते मला कळतं. तुलाही कळतं. त्यांना वाटलं असेल, अशी गाठ मारली की ही दोघं एकमेकांना सोडून जाऊ शकणार नाहीत. आपली दोन्ही पोरं किती गाढव आहेत याचा अंदाज त्यांना शेवटपर्यंत आला नाही.

आणि दुखवट्याच्या जेवणात, शेजाऱ्यांनी आणलेली भांडी अजून उघडलीही नव्हती तेव्हा, तू म्हणालास, “खरी वाइन कार्रीकान्तेची. बाकीची द्राक्षं म्हणजे पिशवी भरायला घातलेला भुसा.” भुसा! वीस लोकांसमोर. त्यावर मी जे बोलले ते तुला लागलं. म्हणजे काय म्हणाले मी? की तुझी कार्रीकान्ते इतकी आंबट की माझ्या द्राक्षांशिवाय ती पाद्र्याच्याही घशाखाली उतरणार नाही. पाद्री समोरच बसले होते आणि त्यांनी मान डोलावली, त्याला मी काय करू?

मार्च उलटायच्या आत ये आणि तुझ्या वेली छाट. नाहीतर सांग, मी छाटते. नुसतं ‘हो’ लिही. तेवढ्याला शाई लागत नाही.

तुझी बहीण (हे वाटणीत बदललेलं नाही),
वेनेरा


मीलो, ७ एप्रिल

चिरिनोसाहेब,

शाई फारच महाग झालेली दिसते तिकडे वेरोनाला.

ईस्टरला तू आत्याला केक पाठवलास. तिने मला एक तुकडा दिला आणि बजावलं, “हा तुझ्या भावाने तुला पाठवलेला नाही. लक्षात ठेवून खा.” मी लक्षात ठेवून खाल्ला. कोरडा होता.

कोंब फुटलेत. माझ्या वेलींना फुटले, तुझ्याही वेलींना फुटले. तुझ्या वेली छाटलेल्या वेलींसारख्याच फुटल्यात, नेमक्या जागी, नेमके. कसं काय ते मला विचारू नकोस. मार्चच्या सुरुवातीला इथे वारा फार होता.

फिलादेल्फोकाका परवा बांधावर पाय ठेवून बराच वेळ बघत होते. “हुशार वारा आहे,” म्हणाले. “प्रत्येक फांदीवर दोन दोन डोळे राखून कापतो. आपल्याला मिळेल का चार दिवस? माझ्या बायकोची बाग राहिलीय.”

मी म्हटलं, वाऱ्याला विचारून सांगते.

वेनेरा


मीलो, १६ जून

चिरिनो,

तू पाठवलेला माणूस येऊन गेला. तुझ्या वाइन कंपनीचे साहेब, ते दोत्तोरे मारांगोन. येणार हे मला दोन दिवस आधी कळवायला काय झालं होतं? आत्या म्हणते, तू रविवारी तिला सांगितलं होतंस आणि ती मला सांगायला विसरली. तिच्या बाराव्या वर्षी शेजारणीने नेलेली चाळणीसुद्धा ती विसरलेली नाही. तुम्ही दोघांनी मिळून काय चालवलंय?

माणूस सभ्य आहे. पांढरे बूट घालून आला. आपल्या काळ्या मातीत पांढरे बूट! वरच्या टप्प्यावर पोचेपर्यंत ते कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे झाले होते, पण तो काही बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. त्याने एक यंत्र आकाशात सोडलं, ते मधमाशीसारखं गुणगुणत मळ्यावर फिरलं. मग तो तुझ्या वेलींना निळ्या फिती बांधत सुटला. पानं बघून ओळखत होता, एकदाही चुकला नाही. संध्याकाळी मळा जत्रेसारखा दिसत होता.

मी त्याला घरी नेऊन बाबांची शेवटची वाइन दिली. हो, दिली. घरी आलेल्या माणसाला पाणी देऊ का? त्याने पेला फिरवला, हुंगला, तोंडात खेळवला.

“रंजक आहे,” म्हणाला.

आत्याने लगेच विचारलं, “रंजक म्हणजे? आवडली की नाही?”

“म्हणजे, सिन्योरा, ती स्पष्ट नाही. यात तीन आवाज एकदम बोलतात.”

“घरात तीन माणसं असली की बोलणारच,” आत्या म्हणाली. “एकटाच बोलत असेल तर त्याला वेड्यांच्या दवाखान्यात नेतात.”

पेला मात्र त्याने संपवला, चिरिनो. तळापर्यंत. ते मी बघितलं.

जाताना त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. ते तू सांगायला हवं होतंस. ऑक्टोबरात तुझी कार्रीकान्ते कंपनीच्या ट्रकमधून जाणार, वेगळी वेचून, वेगळ्या टाकीत. वाइन चांगली उतरली की फेब्रुवारीच्या वीस तारखेला खाली जार्रे गावच्या नोटरीकडे तू तुझा अर्धा हिस्सा त्यांना लिहून देणार. मग जुन्या वेली उपटायच्या, तारा ताणायच्या आणि सगळीकडे एकच जात लावायची. “तुमचा अर्धा हिस्सा तुमचाच राहील, सिन्योरा,” असं म्हणाला. राहील तर काय? कागदावर मळा आपल्या दोघांचा मिळून आहे. तू गेलास की मी एका कंपनीबरोबर एका ओळीत उभी, तुझी, माझी, तुझी, तुझी, माझी. वर्षभरात वकील येतील आणि मलाही विकावं लागेल. तू शाळेत गणितात माझ्यापेक्षा हुशार होतास. एवढं तुला आधीच कळलेलं आहे.

मग तसं सांग ना तोंडाने. “वेनेरा, मला बाबांची पांढरी वाइन पुन्हा कधी बनायला नको आहे.” एकदा म्हण. मी पत्रं लिहायची थांबवते.

वेनेरा

ता. क. गंधकाची पावडर मारली. वारा तुझ्या वेलींच्या दिशेने होता. त्याला माझा इलाज नाही.


मीलो, २३ सप्टेंबर

चिरिनो,

माझी तोडणी झाली.

तुला शास्त्र हवं होतं ना? मीही शास्त्र वापरलं. तूच सांगत आलास की प्रत्येक द्राक्ष त्याच्या त्याच्या वेळी खुडायला हवं, बाबांची ती ‘सगळं एका दिवशी’ची तऱ्हा अडाणीपणाची. मग मी मिन्नेल्ला ऐन पिकली तेव्हा वेचली, कातार्रात्तो तिच्या मागोमाग. एकाही मण्याला सुरकुती नाही. एकही गांधीलमाशी नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मळ्यातून इतकी देखणी द्राक्षं खाली उतरली.

आत्या काठी टेकत बांधापर्यंत आली होती. “यानो ऑक्टोबरात वेचायचा. सगळी एकदम.”

“बाबा थांबायचे, कारण त्यांना दोनदा माणसं गोळा करायचा कंटाळा यायचा,” मी म्हटलं.

“असेल. बापाला कंटाळा येत असेल, आजोबाला येत असेल, पणजोबालाही येत असेल,” ती म्हणाली. “आळशी घराणं आहे आपलं.”

तोडणीची मात्र तुला कल्पना येणार नाही. दर वर्षी माणसं ओळीच्या या टोकाला वाकतात आणि त्या टोकाला सरळ होतात, मध्ये गाणी, शिव्या, कोणाच्या लग्नाच्या गोष्टी. या वेळी प्रत्येक पावलाला थांबायचं. “ही?” “नको, ती त्याची.” “ही?” “ही माझी.” “ही कोणाची?” “फीत दिसत नाही का!” दुपारपर्यंत गाणं बंद पडलं. फिलादेल्फोकाकांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, “मी दोन भावांच्या भांडणात गेलो आहे, सासू-सुनेच्या भांडणात गेलो आहे. झाडाझाडाच्या भांडणात पहिल्यांदाच आलो.”

तुझा एक घड चुकून कापला गेला. बांधावर ठेवला आहे. येशील तेव्हा घे.

रस टाकीत आंबून फसफसतोय. वास छान आहे. मला पाहिजे होतं ते मला मिळालं आहे, तेव्हा आता हे कळवायचं कारण एवढंच की तू कळवत नाहीस.

वेनेरा


मीलो, १५ ऑक्टोबर

चिरिनो,

ट्रक आला आणि रिकामा गेला.

डोंगरबाईंनी शनिवारपासून काय आरंभलंय ते तू बातम्यांत बघितलंच असशील. तीन दिवस ज्वालामुखीची काळी रेती आकाशातून पडली. छपरं झाडून झाडून कंबर गेली, छत्री घेऊन ब्रेड आणायला जावं लागतं, आणि आत्या दर सकाळी खिडकीतून डोंगराकडे बघून म्हणते, “झालं का तुझं? का अजून आहे?” बाबा म्हणायचे तसंच. इथे कोणालाही यात नवल वाटत नाही. तुझ्या कंपनीला वाटलं.

ट्रक चौकातच थांबला, ट्रकवाला एकटाच चालत मळ्यात आला. त्याने तुझ्या एका घडावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं, मारांगोनना फोन लावला. मला फक्त “हो दोत्तोरे, हो दोत्तोरे, वाळू दोत्तोरे” एवढंच ऐकू आलं. मग फोन त्याने माझ्याकडे दिला. मारांगोन म्हणाले, फार वाईट वाटतं, पण राख टाकीत गेली तर त्यांचा सगळा माल बिघडेल, फेब्रुवारीची सही ठरल्याप्रमाणेच होईल, आणि पुढच्या वर्षी तारा आणि जाळ्या आल्यावर असं होणार नाही. मी म्हटलं, पाऊस येऊ द्या, धुऊन निघेल, इथे दर दोन-चार वर्षांनी हेच होतं, आमच्याकडच्या शेळीलासुद्धा माहीत आहे. ते म्हणाले, ट्रकचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

तर तुझी द्राक्षं झाडावर आहेत. भरलेली. कार्रीकान्ते म्हणजे ओझं लादणारी, नावाप्रमाणेच लगडून गेलीय, फांद्या मातीला टेकल्यात. पावसाने राख धुतली की पुढे दोन आठवडे, फार तर तीन. नंतर कुजतील.

मी वेचू का? बाबांच्या टेबलावर मी शब्द दिलेला आहे, तुझ्या वेली तुझ्या. वारा तोडणी करत नाही, तेव्हा या वेळी त्याच्यावर ढकलता येणार नाही. मला तुझा होकार हवा.

माझी वाइन छान चालली आहे. आत्याने काल एक घोट घेतला आणि उरलेला पेला बेसिलच्या कुंडीत ओतला. म्हणाली, रोपाला तहान लागली होती.

उत्तर दे.

वेनेरा


मीलो, ४ नोव्हेंबर

चिरिनो,

तुझं उत्तर पोचलं. रविवारी आत्याने ते मला जसंच्या तसं दिलं. “म्हणाला, कुजू दे.”

“एवढंच?” मी विचारलं.

“आधी विचारलं, आंबट आहेत का अजून? मी म्हटलं, मला दात नाहीत, मला काय विचारतोस. मग म्हणाला, कुजू दे.”

परवा मृतांच्या दिवशी आम्ही दोघी स्मशानात गेलो, शेवंती घेऊन. आत्या बाबांच्या दगडापाशी उभी राहून त्याच आवाजात म्हणाली, “यानो, तुझ्या पोराने निरोप दिलाय, कुजू दे. पोरगी म्हणते मी शब्द दिलाय. आता सांग, कोणाला तुझ्याकडे आधी पाठवू?” आजूबाजूची चार कुटुंबं आपापल्या मेणबत्त्या सोडून आमच्याकडे बघायला लागली. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. इथे ती दुभंगतेही, पण हव्या त्या वेळी नाही.

परत आले तर फाटकाशी फिलादेल्फोकाका, त्यांची बायको आणि दोन्ही जावई. टोपल्या घेऊन.

“मी बोलावलं नव्हतं,” मी म्हटलं.

“आम्हीही तुझ्याकडे आलेलो नाही,” काका म्हणाले. “यानोकडे आलोय. दर वर्षी येतो.”

पावसाने राख धुतलीच होती, मग परवा दुपारपासून काल संध्याकाळपर्यंत वेचली. तू म्हणालास कुजू दे. नाही देणार. शब्द मोडला, बाबांशी काय ते मी बघून घेईन, तू मध्ये पडू नकोस.

सगळ्या मळ्यात फक्त तुझ्या वेली भरलेल्या आणि माझ्या रिकाम्या, पिवळी पानं घेऊन उभ्या. पुन्हा तोच उड्यांचा खेळ, फक्त आता उलटा. काकांच्या बायकोने एक मणी तोंडात टाकला आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. रस बाबांच्या चेस्टनटच्या लाकडी पिंपात भरलाय, माझ्यापासून वेगळा. माझी टाकी भिंतीच्या या बाजूला, तुझं पिंप त्या बाजूला. त्यांचंही आपापसात बोलणं नाही.

वेनेरा


मीलो, १९ जानेवारी

चिरिनो,

या पेटीत दोन बाटल्या आहेत. पेंढ्यात गुंडाळल्यात, सावकाश काढ. निळी फीत आहे ती तुझी. साधी आहे ती माझी.

दोन्ही वाईट आहेत.

माझ्या वाइनबद्दल मी इतके दिवस जे लिहीत होते ते खोटं होतं. ती मधात कालवलेल्या कोमट रश्शासारखी झालीय. गोड वास, जाड अंग, आणि गिळल्यावर काहीच उरत नाही. सान मार्तीनोला क्रिस्पेल्ले तळल्या होत्या, त्यांच्याबरोबर दिली, तर पाद्री म्हणाले, “आजारी माणसाला चालेल.” वेळेवर वेचल्याचं हे फळ.

तुझी वाइन म्हणजे सुरी चाटल्यासारखी. स्वच्छ आहे, मारांगोनना आवडेल इतकी स्पष्ट आहे, एकच आवाज, आणि तो आवाज ओरडतोय. फिलादेल्फोकाकांनी एक घोट घेतला आणि त्यांना त्यांच्या कै. सासूबाईंची आठवण आली.

बाबा का थांबायचे ते आता मला कळतंय, आणि कळायला उशीर झाला याचा मला स्वतःचा जितका राग येतो तितका तुझाही येत नाही, म्हणजे बघ. ऑक्टोबरात माझी द्राक्षं अर्धी सुकलेली, गांधीलमाश्यांनी चाखलेली, साखर झालेली असायची आणि तुझी जेमतेम पिकलेली. ती त्याच एका दिवशी, एकाच टोपलीत एकमेकांना भेटायची. त्या एका दिवसाचीच सगळी करामत होती. तू तो दिवस अडाणी म्हणालास आणि मी तुला धडा शिकवायला तो मोडला.

आत्या म्हणते, नंतर मिसळलेलीला एकत्र वेचलेलीची सर येत नाही. नसेल येत. पण पिंपभर तुझी आणि टाकीभर माझी पडून आहे, आणि मला वाटतं त्यातून काहीतरी निघेल. मी मिसळून बघितलेली नाही. किती तुझी नि किती माझी हे मी एकटीने ठरवणार नाही. तुझं शिक्षण याच कामाचं आहे ना? बाबांनी तुला त्यासाठी पाठवलं तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते. मग ते शिक्षण आता चालव. स्वयंपाकघरात बस, पेला घे, मिसळ.

नाहीतर फेब्रुवारीच्या वीस तारखेला जार्रेला ये आणि सही कर. मीही येणार आहे. तुला माझ्या डोळ्यांसमोर ती करावी लागेल, एवढं मी तुझ्यासाठी करू शकते.

वेनेरा


मीलो, २४ फेब्रुवारी

चिरिनो,

वीस तारखेला मी काळा कोट घालून नोटरीकडे गेले. आत्या बरोबर आली, नको म्हणत असताना. मारांगोन होते, बूट या वेळी तपकिरी. नोटरीने कागद टेबलावर मांडले, पेन मांडलं, तुझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. आम्ही तुझी वाट बघितली. मारांगोननी फोन लावला, तू उचलला नाहीस. (त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. मी म्हटलं, सवय होते.) आत्याने नोटरीच्या ताटलीतली सगळी चॉकलेटं संपवली. शेवटी नोटरीने कागद गोळा केले आणि मारांगोननी उठून माझा हात हातात घेतला.

“तुमचे बंधू येणार नाहीत असं दिसतं,” म्हणाले.

आत्या म्हणाली, “तो कधी येतो? पण कधी कधी तो न येऊनही शहाण्यासारखं वागतो.”

काल पेटी आली. तुझ्या अक्षरात पत्ता, आत पेंढा, पेंढ्यात एक बाटली. चिठ्ठी नाही. मी पेंढा दोनदा उलटा करून झटकला. एक ओळ लिहायला तुझा हात झिजला असता का? बाटलीला अर्धी निळी फीत बांधलीस, त्यावरून मी काय ते समजायचं.

आत्याला बोलावलं, काकांना बोलावलं. पेले भरले. रंग बाबांच्या पांढरीसारखा आहे, थोडा फिका. वास आधी माझा येतो आणि मग तुझा. काकांनी घोट घेतला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. सासूबाई आठवल्या नाहीत. आत्याने पेला संपवून पुढे केला. ती दुसरा पेला कधी घेत नाही, तुला माहीत आहे. मी भरला. ती काही बोलली नाही, आणि आत्या गप्प बसली म्हणजे काय, तेही तुला माहीत आहे.

आता माझं मत ऐक. बाबांची नाही ही. जवळ जाते आणि ऐन वेळी दाराबाहेरून परत फिरते. माझी कमी पडलीय. अर्थातच! तू मिसळणार आणि त्यात माझी कमी पडणार नाही, असं कसं होईल? तुझे सात भाग आणि माझे तीन असावेत, हो ना? मला जिभेवर कळतं. साडेसहाच्या वर तुझी जाता कामा नये. मिसळून बघितलेली नाही असं लिहिलं होतं तेही खोटं, मी डिसेंबरपासून मापाला डाव घेऊन रोज रात्री स्वयंपाकघरात हेच करते आहे, तेव्हा मला शिकवू नकोस.

हे सगळं पत्रातून भांडण्यासारखं नाही. पिंप आणि टाकी इथे आहे, पेले इथे आहेत. ऑक्टोबरात एकच दिवस, सगळी एकदम, याबद्दल मी तुझं काहीही ऐकून घेणार नाही, पण भागांबद्दल समोरासमोर ऐकून घेईन.

माझी छाटणी कालच संपली. मळा पुन्हा अर्ध्या दाढीचा झालाय, काका येता-जाता हसतात. या वर्षी वारा नाही. आला तरी त्याला मी सांगून ठेवलंय. कात्रीला तेल दिलंय, ती दाराच्या मागे बाबांच्या खिळ्याला अडकवली आहे. मार्चअखेर वेलींत रस चढेल, मग उपयोग नाही.

तुझ्या वेलींना मी हात लावलेला नाही. या वेळी खरंच.

वेनेरा